बोटभर वाव

“मग याला नालायकपणा नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं, बुवा?”

चिदंबरचा आवाज चढला होता. समोर आप्पाबुवा पाटावर बसले होते आणि दारात सगुण मेस्त्री टोपी हातात धरून उभा होता. मी पलीकडे तांदूळ निवडत होतो. मठाचा स्वयंपाक तेव्हा माझ्याकडे होता, त्यामुळे कुणाचं काय बिनसलंय ते मला सगळ्यांच्या आधी कळायचं.

या वेळी बिनसली होती जमीन. बुवांचे म्हातारे गुडघे फरशीवर गारठतात म्हणून मेस्त्रीनं वैशाखात ध्यानाच्या खोलीत फळ्या बसवल्या. काय सुरेख दिसायच्या! पण भाद्रपद उजाडला आणि खोलीच्या मधोमध फळ्या फुगून वर आल्या. परवा बुवा त्यांना अडखळून पडता पडता वाचले.

“चार महिने झाले नाहीत अजून! आज आरतीला सगळा गाव येईल, तेव्हा मी स्पष्ट सांगणार. सगुण मेस्त्रीचा हात यापुढे मठाला चालणार नाही.”

मेस्त्रीनं मान खाली घातली. मला त्याचं फार वाईट वाटलं. मठानं एकदा असं म्हटलं की गावात कुणी त्याला साधा पाटसुद्धा करायला सांगणार नव्हतं. आणि चिदंबरचं बोलणं म्हणजे मठाचंच बोलणं. बुवांच्या मागे गादी त्याचीच, असं सगळे धरून चालले होते. तो स्वतः जरा जास्तच.

बुवा पाटावरून उठले.

भिंत धरत धरत ते ध्यानाच्या खोलीत गेले. चिदंबर मागोमाग. मेस्त्री उंबऱ्याबाहेर थांबला. मीही सूप हातात घेऊन तिथवर गेलो, खोटं कशाला सांगू!

“बस इथं. भिंतीला खांदा लावून.”

चिदंबर बसला. बुवा त्याच्या शेजारी बसले, आणि त्याच्याकडे सरकले. आणखी सरकले. गुडघ्यावर गुडघा चढला.

“बुवा, अहो...”

“गप्प बस.”

आणखी सरकले. चिदंबर अंगानं चांगला भरलेला. त्याला धड मांडी घालता येईना, धड श्वास घेता येईना. शेवटी तो ताडकन उभाच राहिला.

“का उठलास?”

“बसणार कसा? जागाच ठेवली नाहीत तुम्ही!”

“हं.”

बुवांनी भिंतीच्या कडेनं बोट फिरवलं. “ही पट्टी कसली?”

“फट होती तिथं. चांगली बोटभर, चारी भिंतींच्या कडेनं. नव्या कामात फट! मी स्वतः उभा राहिलो आणि त्याच्याकडून पट्ट्या ठोकून बुजवून घेतली.” हे सांगतानाही त्याला अभिमानच वाटत होता.

“मेस्त्री, फट ठेवली होतीस?”

“फट न्हय, बुवांनू.” मेस्त्री पहिल्यांदाच बोलला. “वाव. पावसात लाकूड फुगता. तेका वाव व्हयो.”

“याला सांगितलंस?”

“सांगललंय. दादा म्हणाले, माका शिकवू नको.”

चिदंबर त्या फुगलेल्या फळ्यांकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

माझ्या मनात आलं, बरी जिरली! पण बुवा मेस्त्रीकडे वळले होते, आणि त्यांचा आवाज मऊ नव्हता.

“आणि मग तू वाव बुजवलास?”

“बुजवलंय. म्हटलं, मठाचा काम, वाद कित्याक...”

“म्हणजे काम वाईटच झालं. लाकूड त्याला कळत नाही. तुला कळतं.”

मेस्त्रीचे डोळे भरून आले. “होय, बुवांनू. ह्या माझा चुकला.”

पट्ट्या आजच उपटतो, असं तो म्हणाला. थंडी पडली की फळ्या आपोआप खाली बसतील, ज्या बसणार नाहीत त्या नव्यानं बसवून देतो, आणि या वेळी कुणी काहीही म्हणो, वाव राखतो.

बुवांनी मान हलवली.

चिदंबर येऊन पुन्हा बुवांच्या शेजारी बसला, यावेळी पाय पसरून, ऐसपैस. शेजारची सतरंजी त्यानंच सगळी अडवली होती.

“बुवा... मग संध्याकाळी आरतीला मी काय सांगू? सगळ्यांसमोर नाव घेऊ तरी कुणाचं?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते दाराकडे बघत होते. मेस्त्री अजून उंबऱ्याबाहेरच होता, टोपी तशीच हातात.

“चिदंबरा, बोटभर सरक. मेस्त्री केव्हाचा उभा आहे.”