जांभळाच्या जागी चार्जर

मी पाचगणीच्या बापूसाहेब धनवड्यांचा ड्रायव्हर. साहेबांना विजेच्या गाडीचा भारी तोरा. धूर नाही, वास नाही! थंडी पडली, हीटर लावला आणि कुजका वास सुटला. अत्तरं फवारली, तरी जाईना.

शेवटी मुनीर मिस्त्रींनी हीटरचा फिल्टर उघडला. आत सालीच्या धाग्यांचं घरटं आणि खारीची दोन मेलेली पिल्लं.

"माझ्या गाडीत घर करते?" साहेब कडाडले.

मिस्त्री म्हणाले, "तिचं घर जांभळावर होतं, साहेब. चार्जरसाठी तुम्ही ते झाड पाडलंत."

"आता उपाय सांगा!"

"नवं जांभूळ लावा. वीसेक वर्षांत खार तिकडे जाईल."

"वीस वर्षं?"

"पाडायला अर्धा दिवस पुरला होता."

मी मान खाली घातली. झाड पाडताना दोर मीच ओढला होता.