हिंगणगडच्या सरकारांची टेस्ट ड्राइव्ह

“तातोबा, उद्यापासून तुझी गरज नाही!”

हिंगणगडच्या राजेसाहेबांनी शोरूमच्या दारातच फर्मान काढलं. संस्थान केव्हाच विलीन झालं होतं. सरकारांच्या मिशा मात्र अजून विलीन व्हायला तयार नव्हत्या. समोर एक लालभडक, बुटकी, दोन दारांची गाडी उभी होती. सरकारांचं पोट आधी आत जाईल की सरकार, एवढाच काय तो प्रश्न होता.

तातोबा सरकारांचा ड्रायव्हर. घरची चूल ह्या नोकरीवर पेटायची, आणि राजवाड्यामागची राहायची खोलीही ह्याच नोकरीची. नोकरी गेली की छप्परही गेलं!

“माझं काय चुकलं, सरकार?”

“चुकलं काही नाही. ही गाडी गिअर आपले आपण बदलते. क्लचसुद्धा नाही! मग तुला काय शोभेला ठेवू?”

गाडी विकणारा निनाद टाय सावरत पुढे झाला. “स्टिअरिंगमागे हे दोन कान बघा, साहेब. उजवा ओढला की गिअर चढतो, डावा ओढला की उतरतो. आणि कुठलाच नाही ओढला, तरी गाडी आपल्या मनानं बदलते.”

“म्हणजे मी हुकूम दिला तरी चालते आणि नाही दिला तरी चालते?”

“अगदी बरोबर, साहेब!”

“आपल्या संस्थानासारखीच की!” तातोबा पुटपुटला.

सरकारांनी नेमकं ऐकलं. “जीभ फार चालते तुझी! मग ऐक. मी आत्ता गाडी चालवून बघणार आहे. आपण परत येईपर्यंत मला असं एक काम दाखव, जे ह्या गाडीला जमत नाही आणि मलाही जमत नाही. दाखवलंस तर नोकरी कायम. नाही तर आजच खोली रिकामी कर!”

आता सरकारांना एखादी गोष्ट जमत नाही, हे सरकारांच्याच तोंडून वदवायचं! त्यापेक्षा रेड्याचं दूध काढणं सोपं.

सरकार श्वास रोखून चाकामागे बसले. फेट्याचा तुरा छताला टेकला. शेजारी निनाद बसला. मागची जागा दप्तर ठेवण्यापुरती. तिथे गुडघे कानाशी घेऊन तातोबाला कोंबलं. गाडी निघाली.

“सरकार, ह्या गाडीत वाट कोण दाखवणार?” तातोबानं सुरुवात केली.

“हा पडदा दाखवतो,” निनाद म्हणाला.

“मागं कोण बघणार?”

“कॅमेरा आहे ना!”

“बरं, सरकारांसाठी दार कोण उघडणार?”

“दार मी स्वतः उघडू शकतो!” सरकार अशा थाटात म्हणाले, जणू एकट्यानं किल्लाच सर केला.

वाट सरत चालली होती. खोलीतलं सामान बांधायला किती वेळ लागेल, ह्याचा तातोबा विचार करू लागला.

बाजारचा चौक आला. पारावरच्या दोघा म्हाताऱ्यांनी जुन्या रिवाजाप्रमाणे कमरेत वाकून मुजरा केला. सरकारांची छाती फुगली. मुजरा घ्यायला त्यांनी उजवा हात उचलला आणि डाव्या हातानं नकळत तो डावा कान ओढला!

इंजिन डरकाळी फोडून उठलं. सरकार दचकले. जुन्या सवयीनं त्यांचा डावा पाय क्लच दाबायला धावला. क्लच होता कुठे? पाय पडला ब्रेकवर, आणि पडला तो राजेशाही जोरात!

गाडी जागच्या जागी खिळली. फेटा डोळ्यांवर आला. मागून सायकलवर येणारा दूधवाला गाडीवर आदळला. तो बचावला, पण त्याची किटली उडाली आणि टपावर उपडी झाली. लाल गाडीला भर चौकात दुग्धाभिषेक!

“आरं कोण हाकतंय ही डबी?” दूधवाला धावत खिडकीशी आला. “मधीच कशाला थांबला रं? माझं दूध कोण देणार?”

पारावरचे म्हातारे उठून जवळ आले. सारा बाजार बघू लागला. सरकारांनी फेटा वर सारला, गर्रकन मान वळवली आणि गरजले, “तातोबा! गाढवा! गाडी कशी चालवतोस?”

चाक सरकारांच्या हातात होतं आणि गाढव मागे गुडघे कानाशी घेऊन बसलं होतं!

तातोबानं हात जोडले. “चुकलं, सरकार. माझंच चुकलं.”

“तुझं?” दूधवाल्यानं डोळे विस्फारले. “तू तर मागं बसलायस!”

“मग काय झालं? कामच आहे माझं!” तातोबा निनादकडे वळला. “काय हो, ही चूक गाडीची का?”

“छे छे! गाडीत कसलाही दोष नाही!” निनाद घाईनं म्हणाला.

“आणि सरकार, तुमची?”

“आमच्या घराण्यात कुणी आजवर चूक केलेली नाही!”

“बघा! चूक तर झालीय. गाडीला ती पत्करता येत नाही, सरकारांना जमत नाही. दोघांनाही न जमणारं हे काम इतकी वर्षं मीच करतोय. गाडी चालवणं हा आपला जोडधंदा!”

सरकारांच्या मिशा थरथरल्या. निनादनं डोळे मिटले. आणि एकदम सरकार असे गडगडाट करून हसले, की टपावरचं उरलंसुरलं दूध काचेवर ओघळलं!

“जिंकलास, लेका! नोकरी कायम, खोलीही कायम! आणखी काय हवं ते माग!”

“एकच मागतो, सरकार. तुमच्या सगळ्या चुका मी घेतो. वर्षातून माझी एक चूक तुम्ही घ्यायची.”

“एवढंच? दिला शब्द!”

तातोबानं निनादच्या खांद्यावरून खिडकीबाहेर मान काढली. “ऐकलंत ना, मंडळी? मघाशी भर चौकात मी कबूल केलं, ब्रेकची चूक माझी. ह्या वर्षाची माझी एक चूक ती, आता ती सरकारांची झाली! दूधवालेदादा, दुधाचे पैसे सरकारांकडून घ्या!”

सरकारांनी एकदा दूधवाल्याकडे, एकदा तातोबाकडे पाहिलं. मग पोट धरधरून ते पुन्हा इतके हसले, की त्यांना दार उघडता येईना. शेवटी ते तातोबानंच हात लांबवून उघडलं. सरकारांनी दूधवाल्याचे पैसे चुकते केले, डोक्यावरचा जरीचा फेटा तातोबाच्या डोक्यावर ठेवला आणि गाडीची चावी त्याच्या हातात देऊन म्हणाले, “चल, चालव! आता मी बसतो मागे!”