सायाळीचा काटा आणि माळावरची वाट

ओढ्यापलीकडच्या एका माळावर एक सायाळ राहत असे. माळ काही तिच्या एकटीचा नव्हता. तिथे सशांची मोठी वस्ती होती, एक घोरपड होती, मुंगसांची दोन बिळे होती. पण जंगलाच्या लेखी हा माळ असून नसल्यासारखा होता, कारण तिकडे जायला वाटच नव्हती. तिथली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी टणक होई आणि पावसाळ्यात तीच माती पाय धरून ठेवी. मागच्या पावसाळ्यात सायाळीच्या नवऱ्याला साप चावला. त्याला अस्वलवैद्याकडे न्यायला निघालेली मंडळी चिखलात अशी रुतली की पुढेही जाता येईना आणि मागेही येता येईना. वैद्य औषध घेऊन पलीकडे उभा होता. दोघांमध्ये शंभर पावलांचे अंतर होते. त्या शंभर पावलांनी सायाळीचा नवरा नेला. यंदा सायाळीच्या लेकीला दिवस गेले होते आणि ती श्रावणात बाळंत होणार होती.

अशा वेळी सिंहराजाने योजना जाहीर केली : 'प्रत्येक बिळापर्यंत पक्की वाट.' योजना चांगली होती, मुलांनो, आणि चांगल्याला चांगलेच म्हटले पाहिजे. तळाला मुरूम, त्यावर वीतभर जाडीचा खडीचा थर वरून हत्तीच्या पाच फेऱ्या आणि ओढ्यावर पूल, असे काम ठरले. सगळा खर्च दरबाराचा होता. माळाच्या वाटेचे काम कोल्ह्याला मिळाले. महिनाभरात वाट तयार झाली. दुरून पाहिली तर नव्या कपड्यासारखी दिसत होती. सशांनी तिच्यावर शर्यती लावल्या. सर्वांत वडील ससा, ज्याला सगळे आजोबा म्हणत, तो तर वाटेच्या मधोमध बसून उन्हं खाऊ लागला.

सायाळ मात्र रोज सकाळी कंदमुळे उकरायला त्या वाटेने जाई. एकदा सहज तिने वाटेवर नखी ओढली. दोन ओरखड्यांतच खाली काळी माती लागली. ती चमकली. दहा पावलांवर पुन्हा ओढली, तिथेही तेच. पुढे वाटेवर चुन्याने एक गोल आखलेला होता. तिथे तिने नख्या झिजेपर्यंत उकरले, तरी खडी संपेना. असे गोल सगळ्या वाटेवर मिळून तीन होते.

"हे गोल कशाचे हो, कोल्होबा?" तिने विचारले.

"पाहणीचे," कोल्हा म्हणाला. "उद्या दरबारातून करकोचेसाहेब येणार. ते या गोलांत खड्डा घेतात, चोच घालून थर मोजतात आणि काम पास करतात. रीतच आहे तशी."

"आणि गोल कोण आखतं?"

"वाट बांधणारा. म्हणजे मी." कोल्हा हसला. "तू कंद खा, सायाळबाई. वाटेतलं तुला काय कळतं?"

संध्याकाळी सायाळीने वस्तीला सगळे सांगितले. आजोबा कान पाडून म्हणाले, "हे बघ पोरी, इतक्या वर्षांनी वाट आली आहे. उगाच खुसपट काढू नकोस. परत घेऊन गेले तर?"

"वाट काय गुंडाळून नेतात, आजोबा?"

"तिचा तेवढाच थर आहे," घोरपड म्हणाली. "गुंडाळता येईल."

कोणी हसले. करकोचेसाहेबांपुढे सोबत यायला मात्र कोणी तयार होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी सायाळ वाटेच्या तोंडाशी जाऊन बसली. तिथे घाणेरीचे दाट, काटेरी झुडूप होते. आत कसलातरी दगड उभा दिसला. दुसरे कोणी आत शिरले नसते, पण काट्यांना काटे काय भिणार? आत शिरून पाहते तर ती दरबाराची शिळा होती. वाटेकडे पाठ करून तिला झुडपात उभे केले होते. तिच्यावर वाटेची लांबी होती, थराची जाडी होती आणि शेवटी दोन ओळी होत्या. सायाळीने त्या तीनदा वाचल्या.

करकोचा आला. मागे कोल्हा होता, त्याच्या मागे सगळी वस्ती उभी होती. साहेब पहिल्या गोलाकडे वळले तोच सायाळ आडवी आली.

"साहेब, खड्डा तिथे नको. मी दाखवते तिथे घ्या."

"अशी रीत नाही," करकोचा म्हणाला.

"रीत नसेल, नियम आहे. शिळेवर लिहिलंय : 'खड्डा कुठे घ्यावा, ते वाट वापरणाऱ्यांनी दाखवावे. थर कमी निघाल्यास बांधणाऱ्याने सगळी वाट उकरून स्वतःच्या खर्चाने पुन्हा करावी.'"

"आजवर कुठल्याही वस्तीने मला खड्डा दाखवलेला नाही."

"कारण आजवर शिळा झुडपात उभ्या केल्या, साहेब. वाचणार कोण? तितर?"

कोल्हा पुढे सरकला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "सायाळबाई, जरा विचार कर. आता वाट उकरली आणि मृग लागला, तर अर्धवट वाटेचा नुसता राडा होईल. श्रावणात तुझी लेक बाळंत होणार ना? तेव्हा वैद्य कुठून येणार? आहे ही वाट निदान वाट तरी आहे."

कोल्हा लबाड होता, पण त्याची भीती खोटी नव्हती. पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. सायाळीने मागे पाहिले. लेक बिळाच्या तोंडाशी बसली होती. मग तिला ती शंभर पावले आठवली.

"चिखल असला की चिखल आहे हे आधीच कळतं, कोल्होबा," ती म्हणाली. "जो तो जपून पाऊल टाकतो. ही वाट भरवशाची म्हणून आम्ही निघू आणि ती मध्येच पायाखालून जाईल. साहेब, इथे घ्या."

मग वस्तीतून कोणीतरी खाकरले. आजोबा होते. कान अजून पडलेलेच होते, पण ते हळूहळू चालत आले आणि सायाळीशेजारी उभे राहिले. "घ्या की, साहेब," ते म्हणाले. "नियम आहे म्हणतेय ती."

करकोच्याने स्वतः झुडपात डोके घालून शिळा वाचली. बाहेर येऊन त्याने सायाळीने दाखवलेल्या जागी खड्डा घेतला. चोच घातली तर टोकसुद्धा धड बुडेना. दुसरीकडे तेच. तिसरीकडे खडीच नव्हती, नुसता मुरूम शिंपडलेला होता. हत्तीला बोलावले तर तो भाबडेपणाने म्हणाला, "पाच फेऱ्या? मला तर एकच मारायला सांगितली होती. मला वाटलं, अरुंद वाट असेल."

"पावसाआधी, सगळी वाट, नियमाप्रमाणे," करकोचा कोल्ह्याला म्हणाला.

त्या दिवसापासून कोल्ह्याची मंडळी उकरू लागली. वस्तीने एकही खडा उचलला नाही, कारण ते काम वस्तीचे नव्हतेच. वस्तीने दुसरे काम केले. सायाळीने आपले काटे काढून वाटले. सायाळीच्या काट्यावर काळे-पांढरे पट्टे असतात. वीतभर मोजून जिथे पांढरा पट्टा येत होता, तिथे खूण धरली. दर दहा पावलांवर एकेक जण काटा घेऊन बसला. थरात काटा खुपसायचा, पांढरा पट्टा पूर्ण बुडाला तर पुढे जाऊ द्यायचे.

बाराव्या दिवशी आभाळ भरून आले. कोल्हा घाईघाईने म्हणाला, "आजोबा, एवढा तुकडा सोडा. बोटभराचा तर फरक आहे."

एके काळी उन्हं खायला त्याच वाटेवर बसलेले आजोबा काट्यावरून नजर न हलवता म्हणाले, "पट्टा दिसतोय, कोल्होबा. अजून एक पाटी टाका."

कोल्ह्याने पाटी टाकली. हत्तीने पाचवी फेरी संपवली त्या दिवशी सगळी वस्ती वाटेच्या दोन्ही कडांना उभी होती. पुन्हा पाहणीला आलेल्या करकोच्याने जाताना वाटेवर ठेका धरून चार पावले टाकली. त्याच्या हयातीत अशी वाट त्याने पाहिली नव्हती, आणि तसे तो बोललाही.

श्रावणात चार दिवस झड लागली. ओढा दोन्ही तीर सोडून धावू लागला, पण वाटेचा पूल आणि वाट पाण्यातून वर मान काढून उभी राहिली. पाचव्या दुपारी सायाळीच्या लेकीला कळा सुरू झाल्या. एक ससा वाटेने सुसाट निघाला. पाण्याचे भांडे गरम व्हायच्या आत अस्वलवैद्य बिळाच्या दाराशी हजर होता. उंबऱ्यावर थांबून त्याने आपल्या पायांकडे पाहिले.

"पाय पुसायला फडकं मागायचं म्हणून निघालो होतो," तो म्हणाला. "गरज नाही."

लेकीला दोन पिल्ले झाली. सायाळ बाहेर आली आणि पावसात भिजत बराच वेळ वाटेकडे बघत उभी राहिली. जिथे ती शंभर पावले होती, तिथून आता मुंगसे गप्पा मारत चालली होती.

पाऊस उघडल्यावर डोंगराकडच्या भेकरांची वस्ती तिच्याकडे आली. त्यांची वाटही त्याच कोल्ह्याकडे होती. "मावशी, तुझा एक काटा दे," त्यांनी विनवले.

सायाळीने पाठ हलवून एक चांगला जाड काटा काढून दिला. "घ्या. पण आधी झुडपात शिरून शिळा शोधा, आणि ती वाटेकडे तोंड करून उभी करा. आमची केव्हाच केली आहे."

तात्पर्य : वाट राजा देतो, पण ती पक्की आहे की नाही हे त्या वाटेने जाणाऱ्यानेच मोजून घ्यावे, मिळाले त्यावर गप्प बसणाऱ्याच्या नशिबी पुन्हा चिखलच येतो.