घर बांधा!

भाविकहो, श्रीचिंधोबा महाराज खडकउंबऱ्याला मुक्कामी होते तेव्हाची ही गोष्ट. उघड्या माळावरचं गाव. वारा असा, की भाकरी आपल्या काठवटीत थापावी आणि ती शेजारणीच्या तव्यावर भाजली जावी!

चैत्रात महाराज रंगराव इनामदारांच्या ओसरीवर बसले होते. दोर वळणारी गोदाक्का पाया पडायला आली. महाराजांनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “वैशाख सरायच्या आत घर बांधा हो सगळ्यांनी.” एवढं बोलून ते पुन्हा शेंगा सोलू लागले.

रंगरावांनी लगोलग माडी चढवली, वर कोरा पत्रा ठोकला. गोदाक्काकडे कुठला पत्रा? एक गवताची झोपडी, आणि आत आठवा महिना लागलेली सून. पण महाराजांनी बांध म्हटलं म्हणजे बांधायचं! म्हातारीनं अंबाडीचे जाड दोर छपरावरून उभे-आडवे टाकले, मोठाले धोंडे जमिनीत पुरले आणि दोरांची टोकं त्यांना करकचून आवळली.

रंगराव माडीवरून खो खो हसले. “गोदाक्के, घर म्हंजे काय म्हैस हाय? पळंल म्हनून बांधलंस व्हय?”

“महाराजांचा शब्द हाय, मालक. पळालंच तर तुमच्या दारात यील, धरून ठेवा.”

वैशाख सरायला तीन दिवस उरले. भर दुपारी आभाळातून एक काळी सोंड माळावर उतरली आणि गरगरत गावाकडे निघाली. महाराज गोदाक्काच्या दारातून ओरडले, “दारं लावा! भिंतीकडेला खाली बसा! झाडाखाली कुणी जायचं नाही!” गोदाक्कानं सुनेला कणगीआड बसवून वर गोधड्या टाकल्या.

कडाड! इनामदारांचा पत्रा उडाला. रंगराव जिन्यावरून घसरत अंगणात आले आणि थेट चिंचेकडे धावले.

“रंगराव, चिंच सोडा! आडवे पडा, रांगत या!”

इनामदार आयुष्यात दुसऱ्यांदा रांगले. गोदाक्काच्या झोपडीत शिरले, तोच मागे चिंच मुळासकट आडवी!

आणि आता झोपडीनंही जमीन सोडली. चांगली हातभर! कुडाखालून उजेड आत आला, एक कोंबडी बाहेर जाऊन परतसुद्धा आली. दोर ताणले, धोंडे कुरकुरले. सुनेनं किंकाळी फोडली. तेव्हा महाराजांनी कुडावर थाप मारली आणि म्हशीला चुचकारावं तसं म्हणाले, “हो, हो बाई! बस खाली.”

झोपडी बसली. जागच्या जागी! आणि कणगीआडून बाळाचं रडणं ऐकू आलं.

पत्रा पुढं तीन कोसांवरच्या बाजारात सापडला. त्याच्या सावलीत एक भजीवाला दुकान मांडून बसला होता.

रंगराव महाराजांपुढे हात जोडून उभे राहिले. “महाराज, मी बी तुमचंच ऐकलं. बांधलं की घर!”

“बांधलंत,” महाराज हसले, “पण बांधलं नाहीत! जा, आता घर बांधा.”

रंगराव दचकले. “म्हंजे... कंचं बांधू?”

“आधी तुमचं, मग गोदाक्काचं.”

इनामदारांना उलगडा व्हायला घटकाभर लागली: आपलं बांधायचं दोरांनी, गोदाक्काचं विटामातीनं! मग त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तसेच वळून गोदाक्कापुढे वाकले.

“आक्का,” ते हळूच म्हणाले, “तेवढी ती गाठ कशी मारायची, दाखवशील का?”