पोळ्याचा मान आणि धाकट्या भावाचे ग्रंथ

भीमेकाठी एक गाव होते आणि त्या गावचे पाटील होते सुभानराव. जमीन, बैल, मिशा, सगळेच त्यांच्याकडे भरघोस होते. पण त्यांना खरा अभिमान होता तो धाकट्या भावाचा. निळकंठ पैठणला शिकून आला होता आणि त्याने ग्रंथ लिहिले होते. एक न्यायाचा, एक मुलखाच्या इतिहासाचा आणि एक सणवार, गाणी, चालीरीतींचा. सुभानरावांची अक्षरओळख बेताची. तरी पाहुणा दारात आला की आधी ग्रंथ बाहेर यायचे आणि मग पाणी. "माझा भाऊ खोटा शब्द लिहीत नाही," असे ते ज्याला त्याला ऐकवत. स्वतः त्यांनी ते ग्रंथ एकदाही ऐकले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

त्या गावात पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून सर्वांत आधी पाटलांचा बैल जाई, मग बाकीच्यांचे. एका वर्षी पोळा तोंडावर आला असताना येसूबाई नावाची विधवा पंचांपुढे उभी राहिली. तिचे शेत लहान, दावणीला बैल एकच.

"ह्यो मान मुळात आमच्या घरचा हाय," ती म्हणाली. "माझी आजेसासू मरेस्तवर सांगत व्हती. निवाडा करा."

लोक हसले. पंचांनी पुरावा मागितला, तो तिच्याकडे नव्हता. तेव्हा सुभानरावच उठले.

"पुरावा मी देतो. उद्या माझ्या भावाचे ग्रंथ चावडीवर येतील. त्यात जे निघेल ते मला कबूल."

घरी आल्यावर निळकंठ म्हणाला, "दादा, चावडीवर नेण्याआधी एकदा ऐकून तरी घ्या."

"मला काय ऐकवतोस? तू लिहिलंयस म्हणजे झकासच असणार."

"आपल्या सोयीचंच असेल असं नाही, दादा."

पण सुभानरावांचे लक्ष कुठे होते? बैलाच्या शिंगांना यंदा कोणता रंग लावावा, या विचारात ते गढून गेले होते.

दुसऱ्या दिवशी ग्रंथ पाटावर ठेवून, हळदकुंकू वाहून, वाजतगाजत चावडीवर आणले गेले. सगळा गाव जमला. सुभानराव म्हणाले, "आधी न्यायाचा काढ."

निळकंठाने वाचले, "जो मान एखाद्या घराने पिढ्यान्‌पिढ्या चालवला, तो त्या घराचा." सुभानरावांनी ऐटीत सगळ्यांवरून नजर फिरवली. निळकंठाने पुढची ओळ वाचली, "परंतु दुसऱ्याचा मान अडचणीच्या काळात सांभाळायला घेतला असेल, तर कितीही पिढ्या लोटल्या तरी तो मूळ घराचाच."

"रास्त आहे. आम्ही कुणाचं काय सांभाळायला घेतलंय? आता इतिहासाचा काढ."

निळकंठाला पान शोधावे लागले नाही. "मोठ्या दुष्काळात चाऱ्यावाचून गावची जनावरे गेली. पोळा आला तेव्हा मानाच्या घरी..." एवढे वाचून तो थांबला आणि त्याने भावाकडे पाहिले.

चावडीत चुळबुळ सुरू झाली. म्हातारे पंच जाणते होते. ते म्हणाले, "ऊन चढलं, आता राहू द्या. पाटलांचा मान पाटलांकडंच बरा."

 पुढे काय लिहिले असणार, ते सुभानरावांना कळून चुकले होते. नुसते गप्प बसले तरी भागत होते. येसूबाईला वाचता येत नव्हते आणि पंचच पान मिटायला सांगत होते. पण आज ते पान मिटले, तर खरे लिहिणाऱ्या भावाला खोटेपणात ओढणारे आपणच ठरू. मग उद्या कुठल्या तोंडाने सांगायचे, की हा माझा भाऊ?

"थांबलास कशाला?" ते म्हणाले.  "पुढचं वाच. मोठ्यानं वाच."

निळकंठाने वाचले, "...मानाच्या घरी, म्हणजे राणोजीच्या घरी, एकही बैल उरला नव्हता. तोरण सुने राहू नये म्हणून पाटलांनी आपला बैल पुढे केला आणि सुगी आल्यावर मान परत करू, असा शब्द दिला. तो शब्द पाळला गेला नाही."

राणोजी हा येसूबाईचा आजेसासरा.

सुभानरावांना फार वाईट वाटले, लाजही वाटली. तरी त्यांनी विचारले, "आणि तिसऱ्यात?"

"पोळ्याचं गाणं आहे, दादा. त्यात पहिलं नाव राणोजीच्या बैलाचं येतं."

मागे उभ्या असलेल्या बायकांनी माना डोलावल्या. त्या जन्मभर ते गाणे म्हणत आल्या होत्या, कुणी नीट ऐकले नव्हते इतकेच.

"निवाडा झाला," सुभानराव म्हणाले. "येसूबाई, बैल सजवा."

पोळ्याला येसूबाईचा बैल पहिला गेला. त्याच्या मागे आपल्या बैलाचा कासरा धरून सुभानराव चालले. शेजारच्या गावाहून आलेल्या त्यांच्या व्याह्यांना राहवले नाही. ते म्हणाले, "पाटील, भावाच्या ग्रंथांनी तुमचा मान घालवला की हो."

"घालवला खरा," सुभानराव ताठ मानेने म्हणाले. "पण सख्ख्या भावाच्या घरात राहून, त्याच्या विरुद्ध जाणारं खरं लिहील, असा भाऊ तुमच्या अख्ख्या गावात कुणाला आहे का, सांगा."



तात्पर्य: आपल्या माणसाच्या विद्येचा अभिमान जरूर बाळगावा, पण ती विद्या आपल्याच विरुद्ध बोलू लागली तरी तिला बोलू द्यावे, तेव्हाच तो अभिमान खरा.