परस्पर

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध कारागीर मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवीत असत. टेलिफोन खात्यातून ते निवृत्त झाले होते. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे, कारण त्यांच्या हाताखाली शिकून अनेकांनी आपापली दुकाने थाटली होती. मास्तर गिऱ्हाइकाशी कधी खोटे बोलत नाहीत, असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्याकडे सुमेध नावाचा एक तरुण तीन वर्षे शिकत होता. त्याचा हात कुशल होता, आणि आपल्याला जे येते ते करून दाखवण्याची हौसही मोठी होती.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे मास्तर काही दिवस घरी होते. त्या काळात एक सिमेंट-पत्र्याचा व्यापारी दुकानात आला. त्याच्या हातात नवा कोरा फोन होता. बायकोच्या वाढदिवसाची भेट आहे, असे तो म्हणाला. ती बालवाडीत शिकवते, एकटीच ये-जा करते, जिवाला घोर लागून राहतो. तेव्हा ती कुठे आहे, कोणाशी काय बोलते, हे आपल्याला कळत राहील असे एखादे ॲप घालून द्या, अशी त्याची मागणी होती. मग आवाज खाली आणून त्याने विचारले, "तिला कळणार तर नाही ना?"

सुमेधच्या मनात क्षणभर काहीतरी खटकले. पण त्या खटक्यापेक्षा, हे आपल्याला जमते, याचा आनंद मोठा होता. "नाही कळणार," तो म्हणाला. "स्क्रीनवर चिन्हसुद्धा दिसणार नाही." त्याने ॲप बसवले, ते काढता येऊ नये म्हणून पासवर्ड ठेवला आणि फोन पुन्हा खोक्यात घालून दिला.

सात महिन्यांनी त्या व्यापाऱ्याची बायको, मालिनी, दुकानात आली. उन्हाळ्याचे दिवस असूनही तिने पूर्ण बाह्यांचे पोलके घातले होते. फोन नुसता पडून असला तरी तापतो, दुपारपर्यंत बॅटरी उतरते, असे तिने सांगितले. मग ती म्हणाली, "मास्तर, मी बहिणीशी फोनवर जे बोलते, ते घरी गेल्यावर मला शब्दन् शब्द ऐकवलं जातं. यात कुणी काही घातलंय का?"

मास्तरांनी फोन हाती घेतला. कोणते ॲप किती बॅटरी खाते, कशाला माइकची परवानगी आहे, हे त्यांनी एकेक करून पाहिले. एका साध्याशा नावापाशी त्यांचे बोट थबकले. शेजारी उभ्या असलेल्या सुमेधच्या तोंडचे पाणी पळाले. तो फोन त्याने ओळखला होता.

मास्तरांनी एकवार त्याच्याकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "काही नाही, बाई. तुमच्या फोनमध्ये कुणी काही घातलेलं नाही. बॅटरी खराब आहे, मागवून ठेवतो." मग त्यांनी एका चिठ्ठीवर बराच वेळ काहीतरी लिहिले, ती घडी करून मालिनीच्या हातात दिली आणि फोन होता तसा परत केला.

सुमेध थक्क झाला. मास्तर खोटे बोलले. आपल्या शिष्याचे पाप झाकण्यासाठी, दुकानाचे नाव राखण्यासाठी बोलले, असे त्याला वाटले आणि स्वतःची लाज दुप्पट झाली. मास्तर जेवायला आत गेले तसा तो धावत बाहेर पडला. बसथांब्याजवळ त्याने मालिनीला गाठले. फोनमध्ये ॲप आहे, ते आपणच घातले, हे त्याने एका दमात सांगून टाकले. "काढू का?" असे त्याने विचारले खरे, पण ती काही बोलण्याआधीच फोन त्याच्या हातात होता. पासवर्ड त्याला ठाऊक होता. दोन मिनिटांत ॲप निघाले. कित्येक दिवसांचे ओझे उतरल्यासारखे वाटून तो परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीच्या सेविका बातमी घेऊन दुकानात आल्या. मालिनी सरकारी दवाखान्यात होती. नवऱ्याने तिचा उजवा हात दाराच्या फटीत घालून दार लोटले होते. हाडे जुळतील, पण बोटे पूर्वीसारखी चालतील असे डॉक्टर सांगत नव्हते.

सेविका गेल्यावर सुमेधने व्यापारी तेव्हा काय बोलला होता ते आणि आदल्या दिवशी आपण काय केले ते सांगितले. मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तो फोन ऐकत होता, सुमेध," ते म्हणाले. "म्हणून मी खोटं बोललो. जे खरं होतं ते चिठ्ठीत लिहिलं. फोन बालवाडीत ठेवून उद्या दुपारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना भेटा, त्या बहिणीकडे जायची सोय करतील, तोवर फोनला हात लावू देऊ नका, असं लिहिलं होतं. इथून शाळेत गेल्यावर वाचा, असं घडीच्या वरच लिहिलं होतं. तू फोनसमोरच सगळं बोललास, ॲप काढलंस, आणि त्याच घटकेला तिकडे त्याच्या फोनवर सारं बंद पडलं. हिला कळलं, हे त्याला कळलं."

सुमेध खाली मान घालून म्हणाला, "मला केलेलं निस्तरायचं होतं."

"तुला तुझ्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं. असं ॲप सापडतं का, हा प्रश्न अवघड नाही. शोधणाऱ्याला ते सापडतं. फोन तापतो, बॅटरी उतरते, खुणा राहतात. 'तिला कळणार तर नाही ना', असं तो माणूस विचारत होता, तिथेच तू थांबायला हवं होतंस. ज्याची काळजी वाटते त्याला सांगून काळजी घेता येते. त्या दिवशी तू तिच्याविषयी परस्पर ठरवलंस आणि काल पुन्हा परस्पर ठरवलंस. एकदा हौसेनं, एकदा पश्चात्तापानं. हात मात्र दोन्ही वेळा तिचाच दारात होता." मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "माझंही चुकलं. तुझा चेहरा पाहून मी सगळं ओळखलं होतं. तुला बाजूला घेऊन दोन शब्द सांगायला हवे होते. मी रागात होतो, आणि जेवायला उठून गेलो."

दुपारी सुमेध दवाखान्यात गेला. मालिनीची बहीण उशाशी बसली होती. त्याने क्षमा मागायला तोंड उघडले, पण मालिनीने डाव्या हाताने त्याला थांबवले. तिला एवढेच विचारायचे होते.

"माझ्यासारख्या आणखी किती जणींच्या फोनमध्ये घातलंय?"

"तिघींच्या," सुमेध म्हणाला. हे त्याने मास्तरांनाही सांगितले नव्हते.

मालिनीने डोळे मिटले. पुन्हा ती त्याच्याशी बोलली नाही.

तिथून सुमेध थेट पोलीस ठाण्यात गेला. जबाबात त्याने व्यापाऱ्याच्या नावाआधी स्वतःचे नाव लिहून दिले. त्याचे काय व्हायचे ते पुढे न्यायालयात ठरणार होते. मात्र त्या तिघींच्या घरी लगेच माणूस पाठवू नका, अशी विनंती त्याने ठाण्यातल्या महिला अधिकाऱ्यांना हात जोडून केली, आणि त्यांनी ती ऐकली.

दोन दिवसांनी समुपदेशक बाई त्याला बरोबर घेऊन त्या तिघींपैकी पहिलीकडे गेल्या. ती शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. बाईंनी खुणेने तिला फोन आतल्या खणात ठेवायला लावला आणि मागच्या अंगणात नेले. यंत्रांचा आवाज तिथवर येत होता. सुमेधने आपण काय केले ते सांगितले, ते काढले तर काय होऊ शकते तेही सांगितले, आणि विचारले, "तुम्ही सांगाल तसं करू. काय करायचं?"

ती बाई बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली. सुमेधच्या ओठावर दोनदा पुढचे वाक्य आले. दोन्ही वेळा त्याने ते गिळले, आणि तिच्या उत्तराची वाट पाहत तो उन्हात उभा राहिला.