खडकातल्या परीकडे बायजाचं मागणं

एक होती बायजा, धनगराची लेक. तिचं घर कुठलं म्हणाल, तर पायांखाली वाट आणि डोक्यावर आभाळ. मेंढरं पुढे, बा मागे आणि बायजाच्या कडेवर धाकटा भाऊ सोमा. आधी सोमा आयच्या कडेवर असायचा. पण घाट उतरताना आयला ताप भरला आणि एका पहाटे ती उठलीच नाही. बाने तिला करवंदीच्या जाळीशेजारी मातीत निजवलं. मेंढरांना तिथे चारा नव्हता, म्हणून तिघं रडत रडत पुढे निघाले.

कोकणात उतरल्यावर एका सकाळी कोकरू चुकलं. सोमाला बाजवळ सोडून बायजा त्याला शोधत निघाली. केवड्याच्या बनापलीकडे कोकरू सापडलं, आणि ती जागच्या जागी थबकली.

समोर समुद्र! तिने तो कधीच पाहिला नव्हता. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींसारखे काळे काळे खडक उन्हात चमकत होते. खडकांच्या खळग्यांत इवली इवली तळी, तळ्यांत हिरवं मखमली शेवाळ, बोट लावताच मिटणारी जांभळी फुलं आणि शंख पाठीवर घेऊन तुरुतुरु पळणारे चिमुकले खेकडे!

"आय, बघ की!" म्हणत ती मागे वळली. मागे कुणीच नव्हतं.

एका आटत चाललेल्या खळग्यात चंदेरी मासोळी तडफडत होती. बायजाने आपली प्यायच्या पाण्याची लोटी रिकामी केली, तीत खारं पाणी भरलं, मासोळीला अलगद आत घेतलं आणि ठेचकाळत जाऊन समुद्रात सोडलं.

तोच फेसातून बोटभर उंचीची परी वर आली. शिंपल्याच्या पोटासारखी गुलाबी, पंखांवर सात रंग झुळझुळणारी.

"बायजा, माझ्या लेकीला वाचवलंस. एक मागणं माग. एकच हं! आणि लाट या खडकाला लागायच्या आत."

"माझी आय दे."

परीचे पंख मिटले. "गेलेलं माणूस मला आणता येत नाही गं, बाळा. तेवढं सोडून माग."

बायजा ढसाढसा रडली. पाणी चढत होतं. मग डोळे पुसून ती म्हणाली, "सोमा लई ल्हान हाय. काल मला इचारत हुता, आय दिसायची कशी? त्याला आय आठवू दे. कायमची."

"आणि तुला गं?"

"मला आठवतीया की. मी मोठी हाय."

परीने तिच्या गालावरचा थेंब चिमुकल्या ओठांनी टिपला. लाट खडकाला लागली, उजेडाचं कारंजं उडालं आणि त्या उजेडात परी विरून गेली.

कोकरू कुशीत घेऊन बायजा तळावर आली. सोमा बाच्या मांडीवर बसून भडाभडा बोलत होता. आयचं हिरवं लुगडं, हनुवटीवरचं गोंदण, भाकरी थापतानाचं तिचं गुणगुणणं! बाच्या दाढीतून आसवं ओघळत होती.

"बायजे, आय गेली त्या राती मी जागा हुतो," सोमा म्हणाला. "आयनं तिची घोंगडी तुझ्या अंगावर घातली. म्हनली, तिला उठवू नगंस, माझी लेक दमलीया."

आय आपल्याशी काही न बोलताच गेली, हे बायजाच्या मनात काट्यासारखं रुतलं होतं. तिने सोमाला पोटाशी धरलं. ती खूप रडली. रडता रडता बाच्या मांडीवर डोकं टेकून, आय गेल्यापासून पहिल्यांदाच, गाढ झोपली.

मेंढरं निघायची वेळ झाली. पण बाने तिला उठवलं नाही.